चार मशीनं आणि एक टेबल

सोमवार, ४ मार्च

एका शाफ्टवर आमच्या कारखान्यात काम किती होतं? एकेचाळीस मिनिटं. आणि तो शाफ्ट कारखान्यात राहतो किती? तेवीस दिवस.

हे मी मागच्या महिन्यात मोजलं. कुणी सांगितलं नव्हतं. माझं काम ट्रॉल्यांचा माग ठेवण्याचं. कुठली ट्रॉली कुठल्या मशीनपुढे कधीपासून उभी आहे ते लिहायचं आणि कुणी विचारलं की सांगायचं. म्हणून मला सगळे ‘वहीवाला’ म्हणतात. जानेवारीत एक ट्रॉली तीन दिवस सापडली नाही आणि बोलणी मी खाल्ली. त्या धसक्यानं मी एका शाफ्टच्या टोकाला पिवळा ठिपका दिला आणि त्याच्या मागे लागलो. करवतीवर कापला, मग लेथच्या लाईनीत, तिथून शेडच्या दुसऱ्या टोकाला ग्राइंडरवर, तिथून परत मधे मिलिंगला, आणि शेवटी अंगण ओलांडून तपासणीच्या खोलीत. सहाशे बारा पावलं. उरलेला सगळा वेळ तो नुसता रांगेत उभा.

तो कागद मॅडमच्या हाती कसा लागला कळलं नाही. मॅडम म्हणजे मालकीणबाई. आज केबिनमध्ये बोलावलं. कागद टेबलावर होता.

“हे तू लिहिलंस?”

“हो. काही चुकलं का?”

“चुकलेलं नाही म्हणून तर बोलावलंय.”

मग त्यांनी सांगितलं ते असं. पंपवाल्या कंपनीला आता महिनाभर थांबायचं नाही. १० एप्रिलला ते सळया पाठवणार आणि १५ एप्रिलला संध्याकाळी पाच वाजता त्यांची गाडी तीनशे शाफ्ट न्यायला येणार. जमलं तर काम कायमचं आमचं, नाही तर ते दुसरीकडे जाणार. शाफ्ट हे आमचं निम्मं काम आहे. ते गेलं तर लेथच्या लाईनीतली निम्मी माणसं घरी.

मॅडमचं म्हणणं, सगळे लेथ एका रांगेत, सगळे ग्राइंडर दुसऱ्या रांगेत, ही मांडणीच मोडायची. शाफ्टला लागणारं एकेक मशीन उचलून एकमेकांच्या शेजारी ठेवायचं. एकानं केलेला शाफ्ट हात लांब करून दुसऱ्याला द्यायचा. याला सेल म्हणतात.

“आणि मांडणी तू करायचीस,” त्या म्हणाल्या.

“मी? माझी नववी पण पूर्ण नाही, मॅडम.”

“शाफ्ट कुठं कुठं भटकतो हे इथं दुसऱ्या कुणाला माहीत आहे?”

मी हो म्हणालो.

मंगळवार, ५ मार्च

काकांना सांगितलं. सांगायला धीर लागला, कारण लेथच्या लाईनीतला पहिला लेथ त्यांचा. एकतीस वर्षं ते त्याच लेथवर आहेत आणि सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. वडील गेल्यावर मला घरी आणणारे तेच आणि कारखान्यात चिकटवणारेही तेच.

सकाळी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवतो. दोन वर्षांपासूनची शिस्त आहे. शाळा सुटली तरी माझं वाचन सुटू नये म्हणून त्यांनीच ती लावली. ते स्वतः कधी पेपर हातात घेत नाहीत, तेवढाच मला सराव म्हणून. काकू चहाचा कप टेबलावर न ठेवता त्यांच्या हातातच देते. इतक्या वर्षांनी इतकी माया क्वचित दिसते.

पेपर संपल्यावर मी बोललो.

“म्हणजे लाईन मोडणार तू.”

“मी नाही काका, मॅडम.”

“लाईनीत माणसाला शेजारी असतो. अडला-नडला तर हात देतो. तुझ्या त्या सेलमध्ये लेथवाल्याच्या शेजारी कोण? ग्राइंडर! तो काय डोंबल मदत करणार?”

वयानं मोठ्या माणसांना बदल रुचत नाही. मी समजू शकतो.

शुक्रवार, ८ मार्च

बातमी सगळ्यांना कळली. वायरमननं जेवणाच्या सुट्टीत विचारलं, “सेल म्हणजे तो घड्याळात घालतात तो? मग वहीवाल्याच्या पाठीत घाला, जरा भरभर चालेल.” सगळे हसले. मीही हसलो, नाही तर वाईट दिसलं असतं.

लाईनीतल्या दुसऱ्या लेथवरचा डावखुरा मात्र हसला नाही. म्हणाला, “कानामागून आली आणि तिखट झाली.” मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला.

बाजू घेतली ती फक्त ताईंनी. त्या ग्राइंडर चालवतात. “घरात सगळी पातेली एका खोलीत अन् सगळे चमचे दुसऱ्या खोलीत असं कुणी ठेवतं का? इथं तीस वर्षं तसंच ठेवलंय आणि कुणी हसलं नाही,” त्या म्हणाल्या.

मांडणी घोड्याच्या नालासारखी होणार, म्हणजे एका बाजूनं सळई आत आणि दुसऱ्या बाजूनं शाफ्ट बाहेर. दुपारपर्यंत सगळे त्याला नालच म्हणू लागले. मला सेलपेक्षा हेच नाव आवडलं.

सोमवार, ११ मार्च

प्रत्येक मशीन मोजलं. जाड पुठ्ठ्याचे तुकडे कापले, एक फुटाला एक इंच. करवत, लेथ, ग्राइंडर, मिलिंग. प्रत्येक माप तीनदा घेतलं. मिलिंगचं पाचदा, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी पाव इंचाचा फरक आला.

नालात माणसं तीन लागतील. करवत आणि मिलिंग एकच जण पाहील, ग्राइंडरवर ताई. लेथवर कोण याचा मला विचारच करावा लागला नाही. पहिल्या नालात पहिला टर्नर काकाच असायला हवेत. असा मान मी त्यांना दुसरा कुठला देणार? त्यांच्या लेथइतका सरळ लेथ लाईनीत दुसरा नाही, तो त्यांच्यासकट हलवायचा.

काकांच्या एका गोष्टीचं मला नेहमी कौतुक वाटतं, ते इथं लिहून ठेवतो. ते काम करून झालं की मायक्रोमीटर शाफ्टवर लावतात आणि तसाच डावखुऱ्यापुढे धरतात. “बघ रे, किती आलंय?” डावखुरा आकडा सांगतो. एवढा मोठा कारागीर, पण दुसऱ्याचं मत घेण्यात कमीपणा मानत नाही. आमच्यात असे किती जण आहेत?

बुधवार, १३ मार्च

डावखुरा संध्याकाळी फाटकापाशी थांबला होता.

“मलापण घे नालात.”

“लेथ एकच आहे.”

“मग माझाही हलव. दोन ठेव.”

“दुसऱ्याला कामच नाही तिथं. मी हिशेब केलाय, मिनिटा-मिनिटाचा.”

“तुझा हिशेब गेला खड्ड्यात. उस्तादांच्या शेजारी मला ठेव, एवढंच सांगतोय.”

“का पण?”

तो सायकलवर टांग टाकून निघून गेला. मागच्या आठवड्यात टोमणा मारणारा माणूस आज वशिला लावतो! मी पुठ्ठा बदलणार नाही.

रविवार, १७ मार्च

आज मशीनं हलवली. सकाळी सहापासून. रोलरवर चढवून, पहारी लावून, इंच-इंच. वायरमन प्रत्येक धक्क्याला ओरडत होता, “हळू! नवरीची पालखी आहे!” काकांचा लेथ जागचा सुटला तेव्हा खाली एकतीस वर्षांचा काळा चिखल निघाला, तेलाचा आणि लोखंडाच्या किसाचा. काका भिंतीशी उभे होते. मी म्हणालो, बघा, खाली किती साचलं होतं. ते म्हणाले, “तू बघ.”

दुपारी साडेचारला चारही मशीनं जागेवर. माझ्या खडूच्या रेघेपासून कुठलंही बोटभर सुद्धा हललेलं नाही. मी प्रत्येकाला हात लावून पाहिला.

सोमवार, १८ मार्च

शरमेनं मान वर होत नाही.

सकाळी मिलिंग चालू केलं. मिलिंगचं टेबल काम करताना डावी-उजवीकडे सरकतं. ते सरकलं ते थेट ताईंच्या कोपराला लागलं. त्या ओरडल्या. नशीब, नुसतं खरचटलं.

मी मशीन बंद असताना मोजलं होतं. पाच वेळा मोजलं, पण पाचही वेळा ते उभं होतं. चालताना त्याला दोन्हीकडे दीड-दीड हात जागा लागते, हे माझ्या पुठ्ठ्याला माहीतच नव्हतं.

वायरमननं अख्ख्या शेडला सांगितलं, “याचं लग्न ठरलं तर नवरीपण झोपलेली मोजून येईल.”

मला वाटलं मॅडम काढून टाकतील. त्यांनी ताईंच्या हाताला पट्टी लावली, वळून एवढंच विचारलं, “परत कधी हलवतोयस?”

“आजच,” मी म्हणालो. आवाज माझाच होता.

शनिवार, २३ मार्च

मिलिंग सोमवारीच हलवलं. यावेळी प्रत्येक मशीन चालवून, हँडल पूर्ण फिरवून, दारं पूर्ण उघडून मोजलं. ताईंना त्यांच्या जागी उभं करून हात लांब करायला लावले. नाल आता सोळा पावलांचा आहे. सहाशे बाराचे सोळा.

सोमवारपासून सराव. दहा-दहा शाफ्ट करून बघायचे.

मंगळवार, २६ मार्च

दहातले तीन बिघडले.

पूर्वी लेथवरचे दोनशे शाफ्ट ट्रॉलीत भरून आठवड्यानं ताईंकडे जात. आता काकांनी ठेवला की दुसऱ्या मिनिटाला ताईंच्या हातात. तीन शाफ्ट लेथवरच बारीक झाले होते. ग्राइंडरवर घासायला काही उरलंच नव्हतं. ताईंनी ते बाजूला ठेवले आणि मला काही न बोलता दाखवले.

काका असं काम करत नाहीत. लेथ हलवल्यामुळे त्याची पातळी बिघडली असणार. लेथ मी हलवला, म्हणजे चूक माझी.

गुरुवार, २८ मार्च

काल संध्याकाळी काम सुटल्यावर आणि आज सकाळी कामाआधी, दोनदा लेथची पातळी तपासली. लेव्हलचा बुडबुडा मधोमध आहे. तरी आज दहातले चार.

काकांनी नवा चष्मा घेतला. वर्षातला तिसरा. ते म्हणतात चष्म्याचा दुकानदार चोर आहे.

शुक्रवार, २९ मार्च

वायरमनला परत लेव्हल लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा. तो गुडघे टेकून बसला, बुडबुडा पाहिला, उठून हात पुसले.

“लेथ सरळ आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.”

“कुणाबद्दल बोलताय?” मी म्हणालो. माझा आवाज चढला. काकांबद्दल असं कुणी बोललेलं मी खपवून घेणार नाही.

त्यानं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं. म्हणाला, “कुणाबद्दल नाही, बाबा. म्हण आहे ती.”

सोमवार, १ एप्रिल

सळया यायला नऊ दिवस.

काका जेवायला गेले तेव्हा डावखुऱ्याला त्यांच्या लेथवर दहा शाफ्ट करायला लावले. दहाच्या दहा बरोबर. तोच लेथ, तीच पातळी, तेच हत्यार. डावखुऱ्यानं शेवटचा शाफ्ट माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “आता तरी मला त्यांच्या शेजारी ठेव.”

मला काही समजत नाही. सगळं मोजलेलं आहे. काय मोजायचं राहिलं?

मंगळवार, २ एप्रिल

ताईंनी सांगितलं. सकाळी, ग्राइंडरचं पाणी बदलताना, माझ्याकडे न बघता.

“तुझ्या काकांना दिसत नाही.”

मी म्हणालो, त्यांनी नवा चष्मा घेतलाय.

“चष्म्यानं नाही होत ते. अख्ख्या लाईनीला माहीत आहे. डावखुरा दोन वर्षं त्यांचे आकडे वाचतोय. चुकलेले शाफ्ट स्वतःच्या ट्रॉलीत टाकून रात्री दुरुस्त करून देतोय. तुला तेवढं माहीत नाही, कारण तू चालताना वहीत बघतोस.”

“मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू घरचा. आम्हाला वाटलं, तू आमच्याहून जास्त झाकतोयस.”

घरी येऊन या वहीची मागची पानं वाचली. वर्तमानपत्र. कप. मायक्रोमीटर. डावखुरा फाटकापाशी. सगळं मीच लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात.

एक गोष्ट सगळ्यात जास्त सलते. फिरत्या लेथपुढे, हातभरावर, त्यांना मी एकटं उभं केलं. मान द्यायचा म्हणून.

बुधवार, ३ एप्रिल

आज काकांबरोबर चालत कामाला गेलो. वाटेत म्हणालो, “काका, कधीपासून?”

त्यांनी काय कधीपासून असं विचारलं नाही. थोडं चालले.

“दोन वर्षं झाली. कडेचं सगळं दिसतं. मधलं दिसत नाही. आता तुझ्याकडे बघतोय ना, तर तोंड नाही तुला. दोन कान आहेत नुसते.”

आणि ते हसले. मला हसू येईना.

“डॉक्टरकडे?”

“गेलो नाही. गेलो की तो काहीतरी नाव सांगणार. मग ते नाव घेऊन घरी यायचं.”

“काका, तुमचा हात गेला असता लेथमध्ये.”

“एकतीस वर्षांत कधी नखसुद्धा गेलं नाही.”

“मी तुम्हाला लेथवर उभं राहू देणार नाही.”

मी हे असं म्हटलं. त्यांच्याशी मी आयुष्यात असं बोललो नव्हतो. ते रस्त्यात थांबले. मागून येणारा सायकलवाला घंटा वाजवत राहिला. मग मी त्यांना माझ्या मनातलं सांगितलं. तपासणीच्या खोलीत शाफ्ट तीन-चार दिवस पडून राहतात. तपासणी नालातच आणायची. ग्राइंडरनंतर एक टेबल टाकायचं आणि पोलादी रिंगा ठेवायच्या. एक रिंग शाफ्टच्या टोकावर गेलीच पाहिजे, दुसरी जाता कामा नये. आकडा वाचायचाच नाही, हाताला कळतं. तिथं ते बसतील, लेथवर डावखुरा येईल.

“म्हणजे आचाऱ्याला उचलून ताटं मोजायला बसवायचं,” काका म्हणाले. वळले आणि घराकडे चालू लागले. खड्डा आला तिथं बरोबर कडेनं गेले.

गुरुवार, ४ एप्रिल

मॅडमना सांगितलं. सगळं. रात्रभर ठरवलं होतं की फक्त लेथ बदलायचं सांगू, कारण सांगायचं नाही. पण कारण न सांगता सांगितलं असतं तर परत झाकणंच झालं असतं, आणि झाकताना इजा झाली तर ती कुणाच्या माथी?

मॅडम म्हणाल्या, “दोन वर्षं माझ्या नाकाखाली.” मग म्हणाल्या, “ते टेबल टाक. ते आले तर त्यांचं. नाही आले तर तू बस.”

काका घरी माझ्याशी बोलत नाहीत. पेपर तसाच पडला आहे. काकू रडली, पण मला वाटतं सुटका झाल्यासारखी.

सोमवार, ८ एप्रिल

शनिवारी काकू त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. कशी नेली, तिलाच ठाऊक. डॉक्टर म्हणाले, गेलंय ते परत येणार नाही, पण उरलंय ते उपचारांनी टिकवता येईल. महिन्यातून एकदा जायचं.

नाल चालतो. डावखुरा लेथवर, दहाचे दहा. रिंगांवर मी बसतो. मला रिंग जाते की अडते हे नीट कळत नाही. मी जोर लावतो. ताई म्हणाल्या, “कुलूप उघडतोयस का?”

बुधवार, १० एप्रिल

सळया आल्या. सकाळी पावणेनऊला पहिली कापली.

दहाच्या सुमारास काका आले. फाटकातून सरळ नालापर्यंत, कुणाचा हात न धरता. माझ्या स्टुलापाशी उभे राहिले. “ऊठ.” मी उठलो. त्यांनी बसून दोन्ही रिंगा हातात घेतल्या, अंगठा आतून फिरवला, एक डाव्या हाताला ठेवली, एक उजव्या. शाफ्ट घेतला.

“हा बरा आहे. हा पण. डावखुऱ्या, हत्याराची धार गेलीय तुझ्या, खरखरीत लागतंय.”

डावखुऱ्यानं वाकून पाहिलं आणि लेथ थांबवला. “हो, उस्ताद.”

कामावर का आले, हे मी विचारलं नाही. घरी भांडी मोजून झाली असतील, असं ताई हळूच म्हणाल्या.

शुक्रवार, १२ एप्रिल

एकशे चौसष्ट. आज लिहिण्यासारखं काही नाही, फक्त पाय दुखतात. ट्रॉल्यांची वही दोन दिवस उघडली नाही. नालात कुठलाही शाफ्ट कुठे आहे ते मान वळवली की दिसतं.

सोमवार, १५ एप्रिल

नीट, क्रमानं लिहितो.

दुपारी दोन वाजता तीनशेवा शाफ्ट ग्राइंडरवरून उतरला. पावणेतीनला पंपवाल्यांची गाडी फाटकात. सांगितल्यापेक्षा सव्वादोन तास आधी. त्यांचा माणूस उतरला, खुर्ची नको म्हणाला आणि नालाच्या तोंडाशी हात मागे बांधून उभा राहिला.

काकांनी शेवटच्या ढिगातले नऊ शाफ्ट वेगळे काढले होते.

“हे जात नाहीत रिंगेत.”

डावखुऱ्यानं मायक्रोमीटर लावला. “उस्ताद, बरोबर आहे माप. आडवं धरा, उभं धरा, तोच आकडा.” दुसरा लावला. बरोबर. मी स्वतः नऊच्या नऊ मोजले. सगळे बरोबर.

“जात नाहीत,” काका म्हणाले.

मॅडम खाली आल्या. त्या माणसाकडे बघून हळू आवाजात मला म्हणाल्या, “मायक्रोमीटर बरोबर सांगतो. नऊ कमी दिले तर ते तीनशेची अट मोडली म्हणतील. दिले आणि बिघडले तरी तेच. मांडणी तुझी. तू सांग.”

सगळे माझ्याकडे बघत होते. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते लिहितो, कारण इथं खोटं लिहून काय उपयोग. मनात आलं की काकांना दिसत नाही, आकडे आम्हाला दिसतात.

मी टेबलाशी गेलो. “काका, मला दाखवा.”

त्यांनी माझा हात ओढून शाफ्टवर ठेवला, रिंग टोकाला लावून दिली. “जोर लावू नकोस. फिरव. कुठं अडलं?”

“इथं.”

“पुढं फिरव.”

सैल. मग परत अडलं. परत सैल. परत अडलं. एका फेऱ्यात तीनदा. मी डोळे मिटून पुन्हा केलं. तीनदाच.

“गोल नाहीये तो,” काका म्हणाले. “तीन कोपरे आहेत त्याला, पार बारीक. मायक्रोमीटर दोन बाजूंनी चिमटा घेतो. एकीकडं कोपरा आला की समोर सपाट येतं. बेरीज तीच. त्याला कसं कळणार?”

ताई ग्राइंडरकडे धावल्या. शाफ्टला खालून टेकू देणारी पट्टी एका बाजूनं सैल झाली होती. त्यांनी कपाळावर हात मारला, “माझ्याच मशीनचं!” आणि पान्हा उचलला.

मी मॅडमना म्हणालो, “नऊ द्यायचे नाहीत. घासून बघू. जेवढे वाचतील तेवढे.” हे मी मॅडमच्या डोळ्यांत बघून म्हणालो.

पाच वाचले. चार घासल्यावर बारीक झाले, त्यांवर मी लाल रंग मारला. चार वाजून दहा मिनिटांनी दोनशे शहाण्णव शाफ्ट गाडीत चढले. त्या माणसानं सगळं उभं राहून पाहिलं होतं. जाताना त्यानं काकांच्या टेबलावरून रिंग उचलली, लाल शाफ्टला लावून फिरवली, परत फिरवली आणि खाली ठेवली.

“चार कमी आहेत एवढं लिहून द्या,” तो म्हणाला. मग मॅडमकडे वळून म्हणाला, “पुढचे चारशे याच मांडणीतून निघणार ना?”

“याच,” मॅडम म्हणाल्या.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर वायरमननं शिट्टी मारली. डावखुरा मशीनच्या कट्ट्यावर बसला आणि म्हणाला, “वहीवाल्या, पाणी पाज.” मी सगळ्यांना पाणी दिलं.

मग मी कागद केला. शाफ्ट तयार २९६, बाद ४. कारण मी लिहिलं: गोलाई बिघडली, रिंगेत अडले. खाली एक रिकामी चौकट होती, ‘तपासणारा’. तिथं मीच सही करणार होतो. पेन टेकवलं आणि थांबलो.

“काका, इथं कुणाची सही?”

“काय लिहिलंय तिथं?”

मी वाचून दाखवलं.

काका किसाचा एक तुकडा बोटांनी चुरडत बसले. मग म्हणाले, “ज्यानं तपासले त्याची. आण इकडं.”

मी त्यांचं बोट चौकटीच्या कोपऱ्यावर टेकवून दिलं. सही लांबलचक आहे त्यांची. चौकटीत सुरू झाली आणि बाहेर गेली, पार खालच्या ओळीवर. त्यांनी पेन परत दिलं आणि पुढची सळई कधी लावताय म्हणून डावखुऱ्याला विचारलं.

उद्या नवे कागद छापायला देताना चौकट मोठी करायची आहे.